चुन्यात लिहिलेला जबाब

विमान आले तेव्हा फिद्दा गच्चीवर ज्वारीची कणसे झोडपत होती. डोंगरातल्या अल-करन गावच्या माणसांना विमान नवे नव्हते. महिन्यातून एखादे उंचावरून जाई, आणि म्हाताऱ्या बायका घारीकडे पाहावे तसे त्याच्याकडे पाहून कोंबड्या झाकत. या वेळी मात्र ते इतके खाली आले की त्याच्या पोटावरचे खिळे दिसले. त्याने दरीला एक वळसा घातला आणि कागद सोडले.

कागद उन्हात चमकत, कोलांट्या घेत उतरले. काही कॉफीच्या झाडांत अडकले, काही मशिदीच्या हौदात पडले. एक पलीकडच्या गच्चीवर पडला आणि कोणी उचलायच्या आत वर्दाच्या बकरीने तो खाऊन टाकला.

"गेला सरकारचा हुकूम पोटात!" वर्दा ओरडली. "अगं फिद्दा, आता ही दूध देईल की बॉम्ब?"

"पिळून बघ," फिद्दा म्हणाली. "आवाज आला तर भांडं लांब धर."

वर्दा फिद्दाच्या भावाची बायको. दोघींच्या गच्च्यांमध्ये एवढेच अंतर होते की एकीने फेकलेली भाकरी दुसरीला झेलता यावी.

फिद्दाने आपल्या गच्चीवरचा कागद उचलला. तिला वाचता येत नव्हते. वरचा सिंहाचा शिक्का तिने ओळखला. तसाच शिक्का एडनच्या गोदीतून तिच्या नवऱ्याचे प्रेत घरी आले तेव्हा सोबतच्या कागदावर होता. ती जिना उतरून शायिफकाकाकडे गेली.

शायिफ गावाचा कवी. वय झालेले, गुडघे वाकलेले, आवाज मात्र अजून दरीच्या पलीकडे पोचणारा. हौदाच्या सावलीत बसून त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, ओठ हलवले, मग बोटांवर मात्रा मोजू लागला. दुसऱ्यांदा मोजल्या. त्याचा चेहरा बदलला.

"काय म्हणतात, काका?"

"हे कवन आहे," तो म्हणाला.

"कोणाचं?"

"सरकारचं. चाल बरोबर, यमक बरोबर. ऐक."

आणि त्याने हलक्या आवाजात म्हटले:

दगड ठेवले आजोबांनी, दगडच तुमची जहागिरी;
वाट अडवुनी बसाल तर मग आग उतरेल घरांवरी.

खाली साध्या अक्षरांत एवढेच होते की शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर गावात कोणी राहू नये.

भांडण रस्त्याचे होते. एडनच्या इंग्रज सरकारला वरच्या सुळक्यावर चौकी हवी होती, आणि चौकीपर्यंत गाड्या जातील असा रस्ता. तो खालच्या पायऱ्यांमधून जाणार होता. डोंगरउतारावर दगडी ताली घालून केलेल्या शेतांना तिथे पायऱ्याच म्हणत, आणि खालच्या पायऱ्यांना लागून गावाचे कबरस्तान होते. मजुरांनी दिवसा अंथरलेली खडी गावाच्या माणसांनी पाच-सहा वेळा दरीत लोटून दिली होती. त्याचा हा जबाब आला होता.

गेल्या वर्षी शेजारच्या दरीत सरकारने असेच कागद टाकले होते, साध्या हुकमाचे. लोकांनी त्यांच्यात तंबाखू बांधली. तेव्हा एडनच्या कचेरीतल्या कोणा शहाण्याने सुचवले असावे की या डोंगरी लोकांशी त्यांच्या भाषेत बोला. शहाणा खरा, पण आपण काय करतो आहोत हे त्याला पुरते कळले नसावे. कारण या डोंगरांत कवन आले की जबाब द्यावाच लागतो, त्याच चालीत आणि त्याच यमकात. लग्नाची मागणी असो, पाण्याचा तंटा असो की खून, आधी दोन्ही बाजूंची माणसे समोरासमोर रांगा धरतात, कवने म्हणतात, मगच बोलणे सुरू होते. ज्याला जबाब सुचला नाही त्याची बाजू पडली. बंदुका शाबूत असल्या तरी पडली. आणि जबाब एकदा रांगेने उचलला की तो साऱ्या गावाचा होतो. मग त्यात जे कबूल केले ते गावाने पाळायचे.

"नुसता हुकूम असता तर चुलीत घातला असता," शायिफ म्हणाला. "आता सुटका नाही. त्याने आपल्या आजोबांचं नाव काढलंय, तेही यमकात."

---

दुपारच्या आधी मुकबिल तिच्या दारात आला. मुकबिल गावाचा मुखी, वर्दाचा नवरा आणि फिद्दाचा धाकटा भाऊ. तो उंबऱ्यातच बसला. तिने दिलेल्या किश्रच्या, कॉफीच्या टरफलांच्या काढ्याच्या, पेल्याला त्याने हात लावला नाही.

"फिद्दा, या वेळी तुझं तोंड आवर."

"माझं तोंड? ते तर वीस वर्षं तुझ्याच तोंडात आहे."

मुकबिलने मान वळवली. गावात हे सगळ्यांना ठाऊक होते, पण बोलत कोणी नसे. बाईला कवन रचायला मनाई नव्हती. रांगेत उभे राहायला होती. बाईचे कवन भावाच्या किंवा नवऱ्याच्या तोंडून जाई. नवरा गेल्यापासून फिद्दाची कवने मुकबिल म्हणत आला होता. त्यातल्या दोन-तीन कवनांवर त्याचे नाव पार किनाऱ्यापर्यंत पोचले होते.

"मी शायिफकाकाला सांगितलंय काय जबाब द्यायचा ते," तो म्हणाला. "गोडीचा जबाब. वाट मोकळी केली, एवढंच."

"काका कबूल झाला?"

"काकाची नात लहान आहे. काकाला छप्पर हवंय."

ज्वारीच्या पाट्यावर फिद्दाचा हात फिरत राहिला.

"तू बोलशील, तुझं काय जातंय," मुकबिल म्हणाला. "माझा हैदरा तिकडे त्यांच्या शाळेत आहे."

"शाळेत आहे की ओलीस आहे?"

"तू काहीही म्हण. दोन वेळ जेवतोय. लिहायला शिकतोय. मी वाट दिली तर ईदेला घरी येईल. नाही दिली तर त्याचं काय करतील ते मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही."

हे खरे होते. हैदराला तिने खांद्यावर खेळवला होता. मुखींच्या मुलांना सरकार फुकट शिकवते म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याला नेले, आणि तेव्हापासून मुकबिल सरकारबद्दल बोलताना आवाज उतरवू लागला होता.

"आणि घर," तो म्हणाला. "विमान दरीच्या खालच्या बाजूनं येतं. टोकाचं घर तुझं. पहिला बॉम्ब कोणावर पडेल?"

फिद्दाने वर पाहिले. चार मजल्यांचे घर, गारा न लावता नुसते दगडावर दगड बसवून उभे केलेले. खाली गुरे, त्यावर धान्य, त्यावर माणसे. नवऱ्याच्या सातव्या आजोबाने ते बांधले असे सांगत. उत्तरेच्या भिंतीत एक निळसर दगड होता. नवी सून आली की त्यावर तळहात टेकवून आत येई. तिनेही टेकवला होता.

"मुकबिल, तो रस्ता खालच्या पायऱ्यांमधून जाणार ना?"

"हो."

"त्या पायऱ्यांशेजारी कोण झोपलंय?"

"तुला माहीत आहे कोण."

"तू सांग."

"आपला बाप. आजोबा."

"त्यांच्यावरून काय जाणार?"

"गाड्या."

"आणि गाड्यांत बसून कोण येणार?"

मुकबिल उठला. पेला तसाच भरलेला राहिला. "सगळं गाव दोन ओळींसाठी जाळशील तू," तो म्हणाला.

"मी जाळते आहे? कागद नीट वाच. आग आणणार कोण, ते त्यात लिहिलंय."

---

तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर चौकात पुरुषांची रांग लागली. समोरची रांग मोकळी होती. ज्याच्याशी बोलायचे तो आभाळात राहत होता. बराच वेळ यावर खल झाला. समोर कोणीच नसेल तर कवन कोणाला म्हणायचे? शेवटी कोणीतरी जमिनीत एक काठी रोवली आणि कमरेच्या जंबियाच्या, वाकड्या खंजिराच्या, टोकाने तिला सरकारचा कागद टोचून ठेवला.

"सरकार बारीक झालंय," रांगेतून कोणी म्हणाले, आणि सगळे हसले.

बायका गच्च्यांवर. फिद्दाच्या गच्चीवर या वेळी वर्दाही येऊन बसली होती. तिने हातात काही काम घेतले नव्हते, आणि वर्दाचे हात रिकामे असणे ही चांगली खूण नव्हती.

ढोल दोनदा वाजला. शायिफ पुढे आला. त्याने काठीकडे पाहिले, मुकबिलकडे पाहिले, मग डोळे मिटून म्हटले:

पाहुणचारा उणे न काही, बसा जरासे माजघरी;
वाट मोकळी केली आहे, आग राहु द्या दूर तरी.

चाल बिनचूक होती, यमक बिनचूक होते. ढोल वाजला. आता रांगेने पाय टाकत ते कवन उचलायचे, पुन्हा पुन्हा म्हणायचे. मुकबिलने उचलले. त्याच्या शेजारच्या दोघांनी उचलले. पुढे ते गेलेच नाही. बाकीचे आपापल्या पायांकडे पाहत राहिले. रांगेने न उचललेले कवन मरते. ते कोणाला मारावे लागत नाही. ढोलवाल्याने आणखी एकदा वाजवून पाहिले आणि हात थांबवला.

फिद्दाची दुसरी ओळ सकाळीच तयार होती. पाट्यावर हात फिरवता फिरवता ती आली होती. पहिली येत नव्हती. सरकारच्या यमकाला दुसरे यमक शोधत ती दुपारभर अडली होती. आता त्या काठीवरच्या कागदाकडे पाहताना तिच्या लक्षात आले की शोधायचे काहीच नाही. शत्रूच्या हातातली बंदूक हिसकावून त्याच्यावरच रोखतात, तसा शब्द त्याचाच घ्यायचा.

ती गच्चीच्या कठड्याशी उभी राहिली. ओढणी तोंडावर घेतली नाही.

आग विझावी, दगड उरावा, हीच आमुची जहागिरी;
आभाळातुन किती पाडशिल? घरे उगवती भुईवरी.

चौकातली तोंडे वर वळली. बाईचा आवाज बाईच्याच तोंडून रांगेवर पडलेला कोणी ऐकला नव्हता. मुकबिलचे कान लाल झाले.

"कवन कोणाच्या तोंडचं आहे?" तो ओरडला. "बाईचं कवन भावाच्या तोंडून येतं. ही रीत आहे."

"भावाचं तोंड आज सरकारकडे गहाण आहे," फिद्दा वरून म्हणाली. "ते सुटेपर्यंत मी माझं वापरते."

कोणी हसले नाही. रीत मुकबिलच्या बाजूने होती, आणि रांगेतल्या प्रत्येकाला ते माहीत होते. तेवढ्यात फिद्दाच्या कानाशी, अगदी जवळून, आवाज फुटला. वर्दाने जीभ भराभर हलवत स्वर काढला होता, लग्नात बायका काढतात तसा, लांब आणि तीक्ष्ण. चौकाने तो ओळखला. हैदराच्या आईचा तो आवाज होता. ज्या बाईचे सगळ्यात जास्त जाणार होते तिने कवन स्वीकारले होते. मग तिसऱ्या गच्चीवरून आवाज आला, मग सगळ्याच गच्च्यांवरून.

शायिफने डोळे उघडले. त्याने मुकबिलला विचारले नाही. आपल्या दरीपार जाणाऱ्या आवाजात त्याने फिद्दाची पहिली ओळ उचलली, आणि रांग हलली.

वर्दा खाली बसली.

"वर्दा, हैदरा..." फिद्दा म्हणाली.

"गप बस," वर्दा म्हणाली. "काही बोलू नकोस. बोललीस तर मी रडेन, आणि मला रडायचं नाहीये."

---

आता जबाब पोचवायचा कसा? माणूस पाठवावा तर एडन चार दिवसांवर, शुक्रवार परवावर. आणि शायिफचे म्हणणे होते की कवन आले त्याच वाटेने जबाब गेला पाहिजे. कवन आभाळातून आले.

"मग विमानाला वाचून दाखवा," कोणीतरी चिडून म्हणाले.

"त्यालाच वाचू द्या," फिद्दा म्हणाली.

ईदेआधी घरांच्या खिडक्या रंगवायला प्रत्येक घरात चुना साठवलेला असे. गुरुवारी सकाळी तो सगळा बाहेर निघाला. कॉफीच्या पायऱ्यांना हात लावायचा नाही असे ठरले. कापणी झालेल्या ज्वारीच्या पायऱ्या तेवढ्या मोकळ्या होत्या, आणि त्यातल्या बहुतेक फिद्दाच्या. पिकाच्या मातीत एवढा चुना पडला की ती जळते. पुढची दोन वर्षे तिथे काही धड उगवणार नाही. हे सगळ्यांना माहीत होते. कोणी ते बोलण्याआधी फिद्दाने पहिले टोपले आपल्या पायरीत ओतले.

एका पायरीत एक शब्द. शायिफ पलीकडच्या उतारावर जाऊन बसला, कारण जवळून काहीच कळत नव्हते. तिथून तो ओरडे, "आणखी लांब! पोट मोठं कर त्याचं! अरे, हा अलिफ आहे की साप?" ताली डोंगराबरोबर वळत होत्या, त्यामुळे ओळी वाकड्या जात. समोरून सरळ दिसणारे अक्षर वरून आखूड दिसेल हे फिद्दाच्या लक्षात आले. तिने उभे दांडे दुप्पट लांब करायला लावले. दुपारी वारा सुटला आणि कोरडी भुकटी उडू लागली, तेव्हा बायकांनी घागरी आणून वर पाणी शिंपडले. ओला चुना आधी करडा दिसला, मग वाळता वाळता दुधासारखा पांढरा झाला.

मुकबिल आपल्या घराच्या पायरीवर बसून होता. दुपार कलल्यावर तो उठला, घरात गेला, चुन्याची घागर घेऊन आला आणि कोणाकडे न बघता ती वर्दाजवळ ठेवून परत गेला.

"बोलला काही?" फिद्दाने विचारले.

"चुना जुना आहे, चाळून घ्या, म्हणाला."

शेवटच्या शब्दाला चुना संपला. भुईवरी हा शब्द उरला. अर्धे कवन म्हणजे जबाब नव्हे. पांढरे काय आहे ते आणा, म्हटल्यावर चादरी आल्या, पागोटी आली, तरी पुरेना. मग म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येकाच्या पेटीत, मक्केहून आलेल्या पाण्यात भिजवून वाळवलेले, एक पांढरे कापड असते. शायिफच्या बायकोने आपले कफन आधी आणले.

"मेल्यावर लागेल तेव्हा बघू," ती म्हणाली. "आणि उद्याच मेले तर अशीच पुरा. अल्ला काय मला कपड्यांवरून ओळखणार आहे?"

कापडांवर दगड ठेवून शेवटचे अक्षर पुरे होत आले. तेव्हा कमरेवर हात ठेवून उभी असलेली वर्दा एकदम म्हणाली, "पण काय गं, त्या वरच्याला वाचता येतं का?"

सगळ्यांचे हात थांबले. पलीकडून शायिफ ओरडला, "काय झालं?" दिवसभर अख्ख्या गावाने अक्षराचे पोट, दांड्याची लांबी आणि वाऱ्याची दिशा यांचा विचार केला होता. विमान चालवणारा इंग्रज आहे, आणि त्याला अरबीतला अलिफसुद्धा ठाऊक नसणार, हे कोणाच्याच मनात आले नव्हते. कवन म्हटले की समोरच्याला कळतेच, यापलीकडे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

एक म्हातारा खाली बसला आणि हसू लागला. हसता हसता त्याला ठसका लागला.

फिद्दाचे हात कोपरापर्यंत चुन्याने भाजले होते. तिने पांढऱ्या पायऱ्यांकडे पाहिले. तिला स्वतःलाही त्यातले एक अक्षर वाचता येत नव्हते.

"मलाही वाचता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून हे माझं नाही का? त्याला कळलं पाहिजे असा नियम कुठे आहे? आलं त्याच वाटेने गेलं पाहिजे, एवढाच आहे. तो दगड इकडे सरकव. कापडाचा कोपरा उडतोय."

---

शुक्रवारी गाव गुहांत होते. गुरे, धान्य, कोंबड्या, पाळणे, सगळे. फिद्दाने घरात दोन गोष्टी मागे ठेवल्या: पाटा, कारण तो उचलेना, आणि चुलीवर ज्वारीची घट्ट पेज. बॉम्ब टाकणाऱ्याला घर ओसाड होते असे म्हणता येऊ नये, एवढाच तिचा विचार होता.

विमान वेळेवर आले. दरीच्या तोंडाशी ते वळले, पायऱ्यांवरून गेले, आणि काही न टाकता पुढे निघून गेले. ते परत आले, या वेळी खाली, इतके खाली की कापडे फडफडली. पुन्हा वळसा. पुन्हा तेच.

"वाचतोय," शायिफ पुटपुटला.

"काय वाचतोय, कपाळ! फोटो काढतोय," मुकबिल म्हणाला. "एडनला मी पाहिलंय. आधी एक फोटो काढतात आणि पाडल्यावर एक."

"मग तो फोटो कोण बघतो?" फिद्दाने विचारले.

"कचेरीतले."

"कचेरीत अरबी कोणाला येतं?"

मुकबिल थांबला. बहिणीकडे त्याने दोन दिवसांत पहिल्यांदा सरळ पाहिले. "ज्यानं ते कवन लिहिलं त्याला," तो म्हणाला.

चौथ्या वळशाला बॉम्ब पडले. पहिला दरीत गेला. दुसऱ्याने मशिदीचा हौद फुटला आणि पाणी उतारावरून चमकत खाली गेले. तिसरा फिद्दाच्या घरावर पडला. घर एकदम पडले नाही. ते क्षणभर तसेच उभे राहिले, मग मधोमध बसले, जशी थकलेली बाई गुडघ्यांत बसते. धूळ उठली आणि गुहेच्या तोंडापर्यंत आली.

फिद्दाने धूळ खाली बसेपर्यंत पाहिले. तिच्या घशातून आवाज आला तो रडण्याचा नव्हता. तिने पहिली ओळ म्हटली. वर्दाने उचलली, मग मुकबिलने. गुहेत आवाज घुमतो, त्यामुळे वीस-पंचवीस घरांचा आवाज दोनशे घरांचा वाटला.

---

घर पडले की दगड निवडायचे असतात. कोपऱ्याचे एकीकडे, चौकटीचे एकीकडे, भरीचे एकीकडे. फुटलेल्या दगडाचीही भर होते. आठवडाभर हेच काम चालले होते. निळसर दगड पाचव्या दिवशी सापडला, एक कोपरा उडालेला. फिद्दाने तो सावलीत ठेवला. शायिफच्या बायकोचे कफनही परत मिळाले, मध्ये जळून पडलेल्या भोकासह. "बरं झालं," म्हातारी म्हणाली, "वर गेल्यावर यातून खाली बघत बसेन."

त्याच दुपारी दरीतून एक पोरगेला माणूस डोक्यावर वळकटी घेऊन चढत येताना दिसला. वर्दाने हातातला दगड टाकून दिला आणि पळत सुटली. हैदराला शाळेतून काढून टाकले होते.

मुकबिलने मुलाला मिठी मारली, मग हाताच्या अंतरावर धरून पाहिले. "मारलं का रे?"

"नाही. मला कचेरीत नेलं. टेबलावर फोटो होता. साहेब म्हणाला, हे तुझं गाव ना, काय लिहिलंय वाच. मी वाचलं." हैदरा आत्याकडे वळला. "आत्या, शेवटचा शब्द जरा वाकडा आलाय."

"कफनांचा होता तो," फिद्दा म्हणाली. "मग?"

"तिथे एक कारकून बसला होता. चष्मा लावलेला. त्यानंच पहिलं कवन लिहिलेलं. साहेब त्याला म्हणाला, याला तसाच जबाब लिही, परवा टाकायचाय. तो फोटो घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत बसला. मग म्हणाला, साहेब, माझं यमक त्यांनी घेतलं, आता माझ्याकडे काही उरलं नाही."

"आणि तुला का काढलं?"

"मी हसलो," हैदरा म्हणाला.

मुकबिलने वळकटी मुलाच्या डोक्यावरून उतरवली आणि स्वतःच्या खांद्यावर घेतली. नंतर फिद्दाजवळून जाताना तो हळूच म्हणाला, "त्याची शाळा गेली तुझ्यामुळे."

"आणि तो आला," फिद्दा म्हणाली. "दोन्ही माझ्याच नावावर लिही."

दुसऱ्या दिवशी विमान आले. लोक पळाले नाहीत. नुसते भिंतींच्या आडोशाला सरकले. कागद पडले. या वेळी हैदराने एक उचलून वाचायला घेतला, पण शायिफने तो त्याच्या हातातून काढून घेतला. हे काम त्याचे होते. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. ओठ हलवले. बोटे मोजायला वर आली आणि तशीच राहिली. त्याने कागद उलटा केला. मागे कोरा होता.

"काय म्हणतात, काका?"

"रस्ता होणार म्हणतात. दंड भरा म्हणतात. बंदुका जमा करा, नाहीतर पुन्हा येऊ."

"ते जाऊ दे. यमक काय आहे?" फिद्दाने विचारले.

"यमक नाही."

"चाल?"

"चालही नाही. नुसता हुकूम आहे, पोरी."

चौकात कोणीतरी हळूच हसले. मग हसू रांगेसारखे एकाकडून दुसऱ्याकडे गेले. सरकार पुन्हा येणार होते, हे खोटे नव्हते. खडी पुन्हा अंथरली जाणार, ती पुन्हा दरीत लोटावी लागणार, आणि उद्या कोणाचे घर बसेल हे कोणाला माहीत नव्हते. पण आजोबांचे नाव काढून जो यमकात बोलायला आला होता, त्याला जबाब सुचला नव्हता, आणि आसपासच्या साऱ्या दऱ्यांत याचा अर्थ एकच होता.

फिद्दाने शायिफच्या हातातून कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि वर्दाकडे दिला.

"तुझ्या बकरीला दे. पहिला तिला पचला होता ना?"

"पचला. पण दूध कडू आलं गं."

"याचं नाही येणार," फिद्दा म्हणाली. "यात काही नाहीये."

मग तिने निळसर दगडाला हात घातला. तो जड होता. मुकबिलने दुसरी बाजू धरली. उत्तरेच्या भिंतीचा पाया मोकळा झाला होता, आणि उडालेला कोपरा आतल्या बाजूला जाईल असा त्यांनी तो बसवला.